दुकान परक्याचे, वही आपली
स्वतंत्र बँड आपले संगीत ऑनलाइन कसे खपवतात : एक अभ्यास

बँड म्हटले की आपल्या वाचकांच्या डोळ्यांसमोर वरातीपुढचा बँड उभा राहतो. या लेखातला बँड वेगळा आहे. चार-पाच तरुण एकत्र येतात, आपली गाणी आपणच लिहितात, चाली लावतात, वाजवतात आणि कोणत्याही मोठ्या कंपनीच्या पदरी न राहता ती लोकांपर्यंत पोहोचवतात. अशा मंडळींना स्वतंत्र बँड म्हणतात. संगीताविषयी ज्याचे त्याचे मत असेल. येथे आपल्याला पाहायचा आहे तो त्यांचा व्यापार. हातात हुन्नर आहे, भांडवल थोडे आहे, आणि माल व गिऱ्हाईक यांच्यामध्ये आडत्यांची रांग उभी आहे, ही स्थिती आपल्या विणकराला, शिवणाऱ्याला, चामड्याचे काम करणाऱ्याला नवी नाही. म्हणून या मंडळींनी काय केले, कशात कमावले आणि कशात गमावले, हे समजून घेणे आपल्या फायद्याचे आहे.

पूर्वीची पद्धत

कॅसेटच्या आणि सीडीच्या काळात गाणे बाजारात आणायचे तर कंपनीशिवाय मार्ग नव्हता. स्टुडिओचे भाडे, कॅसेट छापण्याचा खर्च, दुकानदारांपर्यंत माल पोहोचवणे, जाहिरात, हे सर्व कंपनी करी. बदल्यात गाण्याची मालकी बहुधा कंपनीकडे जाई. आपल्याकडे जो विणकर मजुरीवर कापड विणतो, त्याची हीच गत असते. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचे, विणकराच्या वाट्याला मीटरमागे मजुरी. कापड पुढे कितीला विकले गेले आणि कोणी नेसले, हे त्याला कळत नाही.

इंटरनेटने यात पहिली फट पाडली. अमेरिकेत डेरेक सिव्हर्स नावाच्या वादकाला स्वतःची सीडी विकायची होती. दुकाने आणि वितरक दाद देईनात, तेव्हा त्याने १९९८ च्या सुमारास स्वतःच इंटरनेटवर विक्रीची सोय केली. मित्र म्हणाले, आमच्याही सीडी ठेव. त्यातून ‘सीडी बेबी’ ही पेढी उभी राहिली. तिचा सौदा सरळ होता. एक सीडी दुकानात मांडण्याचे ३५ डॉलर, आणि प्रत्येक विक्रीमागे पेढीचे ४ डॉलर. किंमत वादकाने ठरवायची, मालकी वादकाचीच. सीडी १२ डॉलरला विकली तर ८ डॉलर वादकाला. हजारो लहान वादकांना प्रथमच हिशेब समजला. २००८ साली सिव्हर्सने ही पेढी २ कोटी २० लाख डॉलरना विकली.

आज मार्ग अनेक आहेत. पण मार्ग वाढले म्हणजे आडत्या गेला असे कोणी समजू नये. आडत्याचे रूप बदलले आहे. म्हणून बँडने प्रथम कोणत्या गोष्टी पक्क्या कराव्यात, ते क्रमाने पाहू.

पहिला पाठ : मालकी कागदावर ठेवा

एका गाण्यात दोन वेगवेगळे माल असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा म्हणजे त्याचे ध्वनिमुद्रण. शब्द आणि चाल बांधणाऱ्याचा हक्क वेगळा, ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा. एकच गाणे दहा जणांनी गायले तर ध्वनिमुद्रणे दहा होतात, चाल एकच राहते. बँडने हे दोन्ही हक्क कोणाचे आणि किती वाट्याचे, हे पहिले गाणे प्रसिद्ध करण्यापूर्वीच सह्यांनिशी लिहून ठेवावे. गाणे चालल्यावर भाऊ भावाला ओळखत नाही. भागीदारीत दस्तऐवजाची गरज सौदा फायद्यात असतानाच जास्त पडते.

आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा येथे कारागिराच्या बाजूने उभा आहे. त्याच्या १९ व्या कलमानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखीच लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने एक वर्षात तो वापरला नाही आणि करारात तसे वेगळे लिहिलेले नसेल, तर तो हक्क परत येतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांना मानधनात त्यांचा वाटा मिळण्याची तरतूद केली आहे. तो वाटा वारसांशिवाय किंवा कॉपीराइट संस्थेशिवाय कोणाला लिहून देता येत नाही. गीतकार-संगीतकारांचे मानधन गोळा करणारी ‘आयपीआरएस’ ही संस्था १९६९ पासून आहे. अनेक बँड गाणे लोकप्रिय करण्यासाठी रात्रीचा दिवस करतात, पण या संस्थेचे सभासदच नसतात. ही म्हणजे माल विकून वसुलीला न जाण्याची गोष्ट झाली.

दुसरा पाठ : पेढी ओळखा, दर विचारा

ऑनलाइन बाजारात मुख्यतः तीन प्रकारच्या पेढ्या आहेत.

पहिला प्रकार विक्रीच्या दुकानाचा. २००८ साली सुरू झालेले ‘बँडकॅम्प’ हे त्याचे ठळक उदाहरण. ऐकणारा गाणे किंवा अख्खा अल्बम विकत घेतो. डिजिटल विक्रीवर पेढी १५ टक्के घेते, विक्री ५ हजार डॉलरपर्यंत गेली की १० टक्के. टी-शर्ट, सीडी अशा वस्तूंवर १० टक्के. १० डॉलरच्या अल्बममधून पेढीचा हिस्सा आणि पैसे पोहोचवण्याचे शुल्क वजा जाता ८ डॉलरच्या आसपास बँडच्या हाती येतात. शिवाय घेणाऱ्याने पसंती दिली तर त्याचा ई-मेल पत्ताही बँडला मिळतो. भारतीय बँडने एक लक्षात ठेवावे. पेपॅलने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातली देवघेव बंद केली आहे. तेव्हा परदेशी गिऱ्हाइकासाठी एक सोय आणि देशी गिऱ्हाइकासाठी यूपीआयची वेगळी सोय ठेवावी.

दुसरा प्रकार ऐकवण्याच्या पेढीचा, ज्याला स्ट्रीमिंग म्हणतात. गाणे विकत घ्यायचे नाही, महिन्याची वर्गणी भरून किंवा जाहिराती सोसून हवे ते ऐकायचे. ‘स्पॉटिफाय’ भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आले. येथे एका वेळच्या ऐकण्याला ठरलेला भाव नसतो. सगळी जमा एका हंड्यात पडते, पेढीचा हिस्सा निघतो आणि उरलेली रक्कम एकूण ऐकण्यात ज्याचा जितका वाटा तितकी वाटली जाते. समजा हंड्यात १ लाख रुपये आहेत आणि सर्व गाणी मिळून १० लाख वेळा ऐकली गेली. तुमचे गाणे ५०० वेळा ऐकले गेले असेल तर वाट्याला ५० रुपये. हा आकडा फक्त हिशेब समजण्यासाठी घेतला आहे. पण २०२४ पासून तर नियम असा आहे की मागील बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळत नाही. म्हणून लहान बँडने स्ट्रीमिंगला दुकानाच्या पाटीचे काम द्यावे. गल्ला तेथे भरणार नाही.

तिसरा प्रकार वितरकाचा. स्पॉटिफायसारख्या पेढीवर बँडला थेट माल चढवता येत नाही, वितरक लागतो. यांचे दर दोन रीतींचे आहेत. ‘डिस्ट्रोकिड’ वर्षाचे शुल्क घेते आणि कमाईत हिस्सा घेत नाही. पण शुल्क थांबले की वेगळी रक्कम भरलेली नसल्यास गाणी उतरवली जाऊ शकतात. ‘सीडी बेबी’ एकदाच शुल्क घेते आणि कमाईतून ९ टक्के कापते. एक भाड्याचा गाळा, दुसरी आडत. ज्याची गाणी पुष्कळ आहेत आणि सतत येतात त्याला भाडे परवडते. ज्याचे वर्षाला एखादे गाणे येते त्याला आडत बरी.

वितरक प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक क्रमांक देतो. त्याला ‘आयएसआरसी’ म्हणतात. तो आपल्या वहीत उतरवून ठेवावा. पुढे वितरक बदलला तर तोच क्रमांक पुन्हा दिल्याने गाण्याच्या ऐकण्याचा जुना हिशेब टिकवता येतो. हे माहीत नसलेले बँड वितरक बदलताना शून्यावर येतात.

तिसरा पाठ : नमुना फुकट, पण हिशेबाने

कापडाच्या बाजारात नमुन्याची पट्टी फुकट जाते. ती देणारा मूर्ख नसतो. तागा विकला जावा म्हणून तो पट्टी देतो. बँडनेही हेच केले.

इंग्लंडमधील शेफील्ड शहराचा ‘आर्क्टिक मंकीज’ हा बँड सुरुवातीला आपल्या कार्यक्रमांत गाण्यांच्या सीडी फुकट वाटत असे. ऐकणाऱ्यांनी ती गाणी इंटरनेटवर चढवली आणि एकमेकांना दिली. २००५ साली त्यांनी एका लहान, स्वतंत्र कंपनीशी करार केला आणि जानेवारी २००६ मध्ये पहिला अल्बम आला. पहिल्याच आठवड्यात ३ लाख ६० हजारांवर प्रती खपल्या. त्यातली बरीच गाणी लोकांजवळ आधीपासून फुकट होती, तरीही खपल्या.

आपल्या देशातले उदाहरण दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’चे. १९९० साली सुरू झालेल्या या बँडने २०१० मध्ये ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम एकदम बाजारात आणला नाही. महिन्याला एक गाणे याप्रमाणे आपल्या संकेतस्थळावरून फुकट दिले. यातला व्यवहार समजून घ्यावा. आपल्याकडे बँडची मुख्य कमाई प्रत्यक्ष कार्यक्रमांतून होते. गाणे पट्टी, कार्यक्रम तागा. शिवाय महिन्याला एक गाणे दिल्यामुळे लोकांना पुन्हा पुन्हा त्यांच्या दारी यावे लागले. सर्व माल एकाच दिवशी मांडला असता तर चर्चा आठवडाभरात आटोपली असती.

नमुना द्यायचा तर तीन प्रश्न विचारावेत. घेणारा पुढे काय विकत घेऊ शकतो? ती वस्तू तयार आहे का? आणि घेणाऱ्याचे नाव-पत्ता आपल्याजवळ राहिला का? तिन्हींचे उत्तर नसेल तर पट्टी वाया गेली.

चौथा पाठ : महाग साधनांची वाट पाहू नका

मुंबईतील कुर्ल्याचा रॅप गायक नेझी याने २०१४ साली ‘आफत’ हे गाणे आयपॅडवर तयार करून यूट्यूबवर टाकले. स्टुडिओ नव्हता, कंपनी नव्हती. त्या गाण्याने त्याचे नाव शहरभर झाले. दिल्लीचा ‘ब्लडीवुड’ हा बँड २०१६ च्या सुमारास यूट्यूबवर लोकप्रिय गाण्यांची विडंबने वाजवून पुढे आला. लोक जमल्यावर त्याने स्वतःची गाणी आणली, ढोल आणि पंजाबी बोल यांची जोड परदेशी ढंगाच्या संगीताला दिली. २०१९ मध्ये तो जर्मनीतील वॅकन येथील प्रसिद्ध महोत्सवात वाजवून आला आणि २०२२ मध्ये ‘रक्षक’ हा अल्बम कंपनीशिवाय स्वतःच प्रसिद्ध केला.

या दोन्हींत एक बाब समान आहे. त्यांनी परक्याची नक्कल विकली नाही. कुर्ल्याच्या पोराने कुर्ल्याची बोली वापरली, दिल्लीकरांनी ढोल वापरला. जगभरच्या बाजारात त्यांच्या मालाला ओळख मिळाली ती त्या जागेच्या छापामुळे. पैठणीला पैठणच्या नावाने किंमत येते, तसेच हे.

पाचवा पाठ : परक्या ओट्यावर घर बांधू नका

आता मुख्य मुद्दा. वर सांगितलेली सर्व दुकाने परक्याची आहेत. तेथे बसून धंदा करावा, पण ती आपली आहेत असे धरून चालू नये.

‘मायस्पेस’ २००३ साली सुरू झाले. एके काळी जगातल्या लहान-मोठ्या बहुतेक बँडचे ते घर होते. मार्च २०१९ मध्ये उघड झाले की सर्व्हर बदलताना २०१५ पूर्वी चढवलेली गाणी नष्ट झाली. ही संख्या सुमारे ५ कोटी गाण्यांची सांगितली गेली. ज्यांनी मूळ प्रत घरी ठेवली नव्हती, त्यांचा माल कायमचा गेला. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली. तेथे ज्या कलाकारांचे लाखो चाहते होते, त्यांच्याजवळ दुसऱ्या सकाळी एकाचाही पत्ता नव्हता. ‘रेसो’ हे संगीताचे ॲप जानेवारी २०२४ मध्ये भारतातून बंद झाले. इतके दिवस वादकांचे मित्र समजले गेलेले बँडकॅम्पही २०२२ मध्ये एका कंपनीला आणि २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीला विकले गेले, आणि निम्म्या नोकरवर्गाला घरी जावे लागले. ज्या सीडी बेबीपासून आपण सुरुवात केली, तिनेही आपले विक्रीचे दुकान मार्च २०२० मध्ये बंद केले आणि फक्त वितरणाचे काम ठेवले.

यात कोणाची लबाडी शोधण्याचे कारण नाही. गाळा ज्याचा, तो विकणार किंवा बंद करणार. प्रश्न इतकाच की गाळा बंद झाला तर गिऱ्हाईक आपल्याला सापडेल का?

सहावा पाठ : गिऱ्हाइकांची वही

उत्तर जुनेच आहे. गिऱ्हाइकांची वही आपल्या घरी असावी. बँडच्या बाबतीत ही वही म्हणजे ऐकणाऱ्यांचे नाव, गाव, ई-मेल आणि त्याने परवानगी दिली तर फोन क्रमांक.

अमेरिकेतील गायिका अमांडा पामर हिने कार्यक्रमानंतर लोकांना भेटण्याची आणि त्यांचे ई-मेल पत्ते जमवण्याची सवय वर्षानुवर्षे ठेवली. कंपनीपासून वेगळी झाल्यावर २०१२ साली तिने नव्या अल्बमसाठी ‘किकस्टार्टर’वर लोकांकडे आगाऊ पैसे मागितले. मागणी १ लाख डॉलरची होती, जमले जवळजवळ १२ लाख. देणारे सुमारे २५ हजार, म्हणजे माणशी सरासरी ४८ डॉलर. लाखो अनोळखी चाहत्यांपेक्षा हे २५ हजार नोंदलेले लोक कामास आले. याच प्रकरणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पुढे दौऱ्यात तिने काही स्थानिक वादकांना विनामोबदला वाजवण्यास बोलावले, तेव्हा मोठी टीका झाली आणि अखेर त्यांना पैसे देण्याचे ठरले. लोकांनी ज्याला पैसे दिले, त्याच्या मजुरीच्या हिशेबावरही लोकांची नजर असते.

वही कशी भरावी? प्रत्येक कार्यक्रमात टेबलावर एक कागद आणि एक क्यूआर कोड ठेवावा. नाव देणाऱ्याला लगेच काही द्यावे, उदाहरणार्थ कोठेही प्रसिद्ध न केलेले एक गाणे. गाव जरूर विचारावे, म्हणजे नाशिकला कार्यक्रम असताना नागपूरच्या माणसाला त्रास होणार नाही. महिन्यातून एकदाच पत्र लिहावे, लहान लिहावे, आणि ज्याला नको असेल त्याचे नाव विनातक्रार काढावे. ही वही कोणाला विकू नये. ती अमानत आहे.

सातवा पाठ : खोटे गिऱ्हाईक

पैसे घेऊन ‘ऐकण्याचे आकडे’ वाढवून देणारे पुष्कळ निघाले आहेत. यंत्रे गाणे वाजवत राहतात, आकडा चढतो. दुकानात भाड्याची माणसे उभी करून गर्दी दाखवण्याचाच हा प्रकार आहे. नीतीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी यात नुकसानच आहे. असे आकडे पेढ्या पकडतात, गाणी उतरवतात, आणि २०२४ पासून स्पॉटिफाय उघड बनावट ऐकणे आढळल्यास वितरक किंवा कंपनीकडून गाण्यामागे दंडही घेते. तो दंड फिरून बँडच्याच माथी येऊ शकतो. शिवाय खोट्या आकड्यांमुळे खरा ऐकणारा कोणत्या गावचा आहे हेच कळेनासे होते, आणि कार्यक्रम कोठे ठेवावा याचा अंदाज चुकतो.

एका गाण्याचे वेळापत्रक

आठ आठवडे आधी : ध्वनिमुद्रण पूर्ण. मूळ प्रत दोन वेगळ्या ठिकाणी जपून ठेवणे. वाटणीच्या कागदावर सर्वांच्या सह्या.

सहा आठवडे आधी : वितरकाकडे गाणे, मुखपृष्ठाचे चित्र आणि सर्वांची नावे देणे. नावांची अक्षरे प्रत्येक ठिकाणी एकसारखी असावीत. नाहीतर कमाई दोन खात्यांत विभागली जाते.

चार आठवडे आधी : स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाण्याची शिफारस पाठवणे. प्रसिद्धीच्या निदान सात दिवस आधी पाठवली तर गाणे बँडच्या अनुयायांच्या नव्या गाण्यांच्या यादीत येते. बहुतेक बँड ही मुदत चुकवतात.

तीन आठवडे आधी : गाण्याचे पंधरा-तीस सेकंदांचे तुकडे इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर टाकणे. प्रत्येक तुकडा वेगळा असावा. एक तालमीचा, एक शब्दांचा, एक वाद्याचा.

एक आठवडा आधी : वहीतल्या लोकांना पत्र. सर्वांत आधी त्यांना ऐकवणे.

प्रसिद्धीनंतर सहा आठवडे : काम येथून सुरू होते. पहिल्या दिवसानंतर गप्प बसणारा बँड माल मांडून दुकानाला कुलूप लावतो. कार्यक्रमातले चित्रण टाकावे, ऐकणाऱ्यांना उत्तरे द्यावीत, कोणत्या गावात जास्त ऐकले गेले हे पाहून तेथील आयोजकाशी बोलावे. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी १,००० सभासद आणि बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे, किंवा ९० दिवसांत लहान चित्रफिती १ कोटी वेळा पाहिल्या जाणे लागते. तेव्हा पहिल्या वर्षी तेथून उत्पन्न धरू नये.

आपल्या धंद्यासाठी सराव

वरील पाठांत गाण्याच्या जागी लुंगी, चप्पल, अत्तर किंवा जरीचे काम ठेवून पाहावे. वाचकांनी पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्या रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहावीत.

१. माझी नक्षी, माझा नमुना कोणाच्या मालकीचा आहे, आणि तसा कागद आहे का?

२. मी ज्या ॲपवर किंवा पेढीवर माल विकतो, ती शंभर रुपयांतून सर्व धरून किती रुपये कापते?

३. मी फुकट देतो तो नमुना कोणत्या विक्रीसाठी देतो?

४. ते ॲप उद्या बंद झाले तर मागील वर्षातल्या किती गिऱ्हाइकांशी मी स्वतः बोलू शकेन?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर आकड्यात लिहावे. तो आकडा शून्य असेल तर या आठवड्यात एक वही घ्यावी आणि पहिली दहा नावे आजच्या बिलांवरून उतरवावीत.